दर वाढवला म्हणून दुपार उतरत नाही

मस्कतजवळच्या रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत विजेचा विषय निघाला की एक मत फार ठामपणे मांडलं जातं. ओमानमध्ये वीज स्वस्त होती म्हणून लोकांनी ती उधळली. आता सरकारने दर वाढवलेत, ते आणखी वाढू द्यावेत, म्हणजे उधळपट्टी थांबेल. वीज कंपनीने बचतीच्या योजना चालवायच्या, जुने एसी बदलून द्यायचे, दुपारी भार कमी करणाऱ्या कारखान्यांना पैसे मोजायचे, ही सगळी नसती उठाठेव. देशात गॅस आहे, सौर प्रकल्प येताहेत, बाकीचं बाजार बघून घेईल. हे बोलणारे लोक अडाणी नाहीत. त्यांतले बरेच जण मीटर, ट्रान्सफॉर्मर आणि बिलं रोज हाताळतात. म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं, कारण त्यांचं ऐकून कारखान्यांचे मालक निर्णय घेतात.

यात जे खरं आहे ते आधी मान्य करतो. घरगुती ग्राहकाला महिन्याच्या पहिल्या 3,000 युनिटांपर्यंत युनिटमागे 10 बैसा, हा दर ओमानमध्ये कित्येक वर्षं जागचा हलला नाही. एका रियालात हजार बैसा, म्हणजे शंभर युनिटं एका रियालात. पुण्या-नाशकातल्या कितीतरी घरांचा वर्षभराचा वापरही 3,000 युनिटं नसतो. इथे तेवढी वीज महिन्याला, सगळ्यात स्वस्त टप्प्यात मिळत होती. अशा दरात घर बांधणाऱ्याने छतावर उष्णतारोधक थर कशासाठी घालावा, आणि दुकानदाराने कमी वीज खाणारा महागडा एसी कोणाला विकावा? जानेवारी 2021 पासून अनुदान टप्प्याटप्प्याने कमी करायला सुरुवात झाली, ते योग्यच झालं. दर खोटा असेल तर बचतीच्या योजना पाण्यात जातात, हेही मला मान्य आहे.

पण दर खरा झाला की बचत आपोआप होते, हे त्यातून निघत नाही. दराचा संदेश ज्याच्यापर्यंत पोचतो त्याच्या हातात यंत्र असावं लागतं. रुसैलमध्ये तसं बहुतेक ठिकाणी नाही.

ओमानची कमाल मागणी कशाने बनते ते पाहा. उत्तरेकडच्या मुख्य ग्रिडवर ही मागणी गेल्या दशकाच्या अखेरीस 6,000 मेगावॅटच्या पुढे गेली. हिवाळ्यात तीच मागणी खूप खाली येते. कारखाने दोन्ही ऋतूंत जवळपास सारखेच चालतात, दिवेही तितकेच लागतात. मधला सगळा फरक वातानुकूलनाचा आहे. मे ते ऑगस्टमधल्या दुपारी किनाऱ्यालगत दमट हवा आणि डोंगराच्या बाजूला पंचेचाळीस अंशांच्या पुढचा पारा असतो. अशा वेळी एसीला बाहेर उष्णता टाकणं अवघड जातं, म्हणून तेवढ्याच थंडाव्यासाठी तो जास्त वीज ओढतो. एसीची क्षमता साधारणपणे बाहेर 35 अंश धरून मोजलेली असते. उष्ण देशांसाठी 46 अंशांची वेगळी चाचणी आहे, पण खरेदी करताना त्या आकड्याकडे पाहतो कोण?

उलट्या टोकाला वीज केंद्र. रुसैलचं गॅसवरचं केंद्र 1984 पासून टप्प्याटप्प्याने उभं राहिलं: आठ टर्बाइन, साडेसहाशे मेगावॅटच्या वर क्षमता, तीही ओपन सायकल पद्धतीची, म्हणजे धुराबरोबर बाहेर जाणाऱ्या उष्णतेतून पुन्हा वाफ आणि वीज करण्याची सोय नाही. गॅस टर्बाइन हवा ओढून चालतं. हवा तापली की ती विरळ होते, आणि तापमान जसं चढतं तशी टर्बाइनची ताकद दर अंशामागे अर्धा ते एक टक्का घटत जाते. एसींना सगळ्यात जास्त वीज लागते त्याच तासाला टर्बाइन सगळ्यात कमी वीज देऊ शकतं. वर्षातल्या थोड्या तासांसाठी बांधलेली अशी क्षमता उरलेलं वर्ष बिनकामाची उभी राहते आणि तिचा स्थिर आकार मात्र बाराही महिने भरावा लागतो. ‘गॅस आहे ना’ हे उत्तर इथेच कोसळतं. खर्च केवळ गॅसचा नाही, त्या मोजक्या तासांसाठी उभारलेल्या टर्बाइनांचा, उपकेंद्रांचा आणि तारांचा आहे. आणि गॅसही फुकटचा नाही, कारण जो इथे जळत नाही तो कल्हातहून द्रवरूपात जहाजांवर चढतो आणि देशाला परकीय चलन मिळवून देतो.

आता दराचा संदेश कुठे पोचतो ते पाहू. 1 जानेवारी 2017 पासून वर्षाला दीड लाख युनिटांपेक्षा जास्त वीज वापरणाऱ्या सरकारी, व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना कॉस्ट रिफ्लेक्टिव्ह टॅरिफ लागू झाला. ही चांगली सुधारणा होती. त्यात विजेची किंमत महिन्यानुसार आणि तासानुसार बदलते. उन्हाळ्यात कामाच्या दिवशी दुपारी एक ते पाच हा काळ सगळ्यात महाग, हिवाळ्यातल्या दराच्या कित्येक पट. रात्री दहा ते पहाटे तीन हा दुसरा चढा काळ. शिवाय पारेषणाचा आकार असा की ज्या तासाला सगळ्या ग्रिडची मागणी वर्षातल्या शिखरावर असते, त्या तासाला तुमचा भार किती होता त्यावर तो ठरतो. आमच्या वसाहतीत या दराने खरोखर हालचाल झाली. लोकांनी तासागणिक भार पाहायला सुरुवात केली, कॅपॅसिटर बँका तपासल्या, रात्रपाळीचा विचार केला. दरवाद्यांचा हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे आणि तो मी नाकारत नाही.

पण शिखराचा तास कोणता होता हे उन्हाळा उलटल्यावर कळतं. मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैपर्यंत प्रत्येक दुपार संशयित असते. कारखान्याने रोज चार तास उत्पादन रोखायचं की नशिबावर सोडायचं? मोठ्या कंपन्या अंदाज बांधायला माणूस ठेवतात. छोटे शेडवाले काहीच करत नाहीत आणि वर्षाअखेरीस आकार भरून मोकळे होतात. दराने दंड ठोठावला, पण ग्रिडला जी मदत हवी होती ती मिळाली नाही. त्याऐवजी आदल्या दिवशी सूचना देऊन, ठरलेल्या तासांना ठरलेले किलोवॅट कमी करण्याचा करार केला आणि त्याचे पैसे दिले, तर तोच छोटा शेडवाला तयार होतो. हे काम दराचं नाही. त्यासाठी योजना लागते, ती चालवणारी माणसं लागतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: उत्पादन बंद करून कसं चालेल? प्लास्टिकच्या इंजेक्शन मोल्डिंगचं यंत्र मध्येच थांबवलं तर बॅरलमधलं वितळलेलं प्लास्टिक जळतं, हे खरं आहे. केबलच्या इन्सुलेशनची लाइन थांबवली की माल भंगारात जातो. भट्टी थंड होऊ देता येत नाही. पण कारखाना म्हणजे फक्त मुख्य यंत्र नव्हे. भंगार दळणारा ग्राइंडर दुपारी दोनलाच चालायला हवा असं काही नाही. फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या संध्याकाळी सहानंतरही भरतात. टाकीत पाणी चढवणारा पंप सकाळी चालू शकतो. चिलरला जोडून मोठी थंड पाण्याची टाकी असेल तर पहाटे पाणी गार करून दुपारी वापरता येतं. कॉम्प्रेस्ड एअरच्या जोडण्यांतून होणारी गळती हा सगळीकडचा जुना रोग आहे. देखभाल नीट नसलेल्या कारखान्यात कॉम्प्रेसरच्या कामाचा पाचवा ते चौथा हिस्सा नुसता गळण्यात जाणं ही नेहमीची गोष्ट, आणि ती गळती बंद केली तर उत्पादनाचा एक तुकडाही कमी होत नाही. ऑफिस आणि गोदामाचे एसी दुपारी एकच्या आधी दोन अंश खाली नेऊन नंतर वर आणता येतात. या सगळ्याची बेरीज केल्याशिवाय ‘आमच्याकडे शक्य नाही’ म्हणणं हा हिशेब न करता दिलेला निकाल आहे.

2011 मध्ये फुकुशिमानंतर जपान सरकारने तोक्यो आणि तोहोकू भागातल्या मोठ्या ग्राहकांना उन्हाळ्यातली कमाल मागणी 15 टक्क्यांनी कमी करायला कायद्याने भाग पाडलं. मोटार कंपन्यांनी गुरुवार-शुक्रवारी सुट्टी घेऊन शनिवार-रविवारी काम केलं. कामगारांच्या घरची घडी त्याने विस्कटली, म्हणून तसली सक्ती इथे आणावी असं मी म्हणणार नाही. पण भार हलवता येत नाही हा दावा तिथेच संपला.

आणि आपल्याला जपानला जायची गरजही नाही. 2006 मध्ये महाराष्ट्र भारनियमनाने पोळला होता तेव्हा पुण्यातल्या उद्योगांनी, सीआयआय या उद्योगसंघटनेच्या पुढाकाराने, स्वतःची जनित्रं चालवून ग्रिडवरचा आपला भार कमी केला. नव्वद मेगावॅटच्या आसपास वीज शहरासाठी मोकळी झाली. डिझेलच्या विजेचा जादा खर्च राज्य वीज नियामक आयोगाच्या मंजुरीने ग्राहकांच्या बिलांत वाटून घेतला गेला आणि पुणे शहराचं भारनियमन थांबलं. त्याच सुमारास महावितरणच्या अक्षय प्रकाश योजनेत गावांनी ठरवून संध्याकाळच्या वेळी शेतीपंप बंद ठेवले, त्या बदल्यात त्यांच्या घरांतले दिवे चालू राहिले. पुण्याच्या प्रयोगात डिझेलचा धूर होता आणि तो प्रयोग ज्यांना परवडला त्यांच्याच शहरात झाला, ही टीका रास्त आहे. तरीही दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती. कमी केलेला भार ही पैसे किंवा सोय देऊन विकत घेण्याची वस्तू आहे, हे तिथल्या अभियंत्यांनी आणि आयोगाने मान्य केलं. आज रुसैलमध्ये बसून असल्या योजनांना नावं ठेवणाऱ्यांत त्या काळी पुण्यात नोकरी करणारेही आहेत, याचं मला वाईट वाटतं.

कारखान्यांबद्दल इतकं पुरे, कारण खरा भार इमारतींचा आहे, आणि दरवाद्यांचा सगळा युक्तिवाद इमारतींपाशी येऊन मोडतो.

मस्कतमधला भाडेकरू घ्या. फ्लॅटमधला एसी घरमालकाने बसवलेला असतो. बिल भाडेकरू भरतो. मालकाला स्वस्तातला स्वस्त एसी घेण्यात फायदा, भाडेकरूला दोन वर्षांनी कदाचित दुसऱ्या देशात जायचं असल्याने स्वतःच्या पैशाने एसी बदलण्यात तोटा. दर दुप्पट करा, तिप्पट करा, एसी तोच राहील. फक्त माणूस उकाड्यात बसेल किंवा कर्ज काढेल. छत भाडेकरूचं नसल्यामुळे 2017 मध्ये आलेली साहिम ही छतावरच्या सौर पॅनेलची योजनाही त्याच्या कामाची नाही.

कामगारांच्या कॅम्पमध्ये तर ही फारकत टोकाला जाते. कॅम्प एकाचा, तो भाड्याने घेणारी कंपनी दुसरी, खोलीत राहणारे लोक तिसरे. पातळ पत्र्याची पोर्टाकॅबिन किंवा इन्सुलेशन नसलेल्या भिंती, सैल खिडकीत बसवलेला जुना विंडो एसी, फिल्टर धुळीने भरलेला, कडेच्या फटीतून गरम हवा आत. एका खोलीत सहा-आठ माणसं, त्यांतली काही दिवसपाळीची, काही रात्रपाळीची, म्हणजे खोली कधीच रिकामी नसते. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन बांधकामावर आणि उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. माणसांचा जीव वाचवणारा हा नियम आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. पण त्या विश्रांतीचे तास विजेच्या शिखरात येतात. यावरून ‘कामगार एसी लावून ठेवतात, त्यांना शिस्त नाही’ असं जेव्हा आपलीच माणसं म्हणतात तेव्हा मला संताप येतो. चाळीस अंशांत सकाळभर राबलेल्या माणसाने तीन तास गारव्यात पडावं, ही उधळपट्टी नाही. त्याने तो एसी निवडलेला नाही, खोली बांधलेली नाही, बिल कधी पाहिलेलं नाही. त्याच्या डोक्यावर दराचा दांडका हाणून नक्की कोणाचं वागणं बदलणार आहे?

जुना एसी काढून चांगला इन्व्हर्टर एसी बसवला आणि खिडकीच्या फटी बुजवल्या तर त्या उष्ण दुपारी एका खोलीमागे अर्धा किलोवॅट वाचतो असं धरा. अशा एक लाख खोल्या म्हणजे 50 मेगावॅट, आणि तारांमधली गळती धरली तर वीज केंद्राच्या दाराशी त्याहून जास्त. रुसैलच्या आठ टर्बाइनांपैकी एकाच्या कामाचा मोठा भाग कोणालाही उकडवल्याशिवाय मोकळा होतो. कोणी म्हणेल, वीज कमी लागायला लागली की लोक एसी आणखी गार करतील आणि बचतीतला काही भाग खाऊन टाकतील. कॅम्पमध्ये तसं होईलही. इतकी वर्षं तीस अंशांत झोपणारी माणसं पंचवीस अंशांत झोपतील, आणि हा योजनेचा तोटा आहे असं मी तरी मानणार नाही.

दरावरच भरवसा ठेवणाऱ्यांनी दराचं राजकारणही पाहावं. 2021 च्या वाढीनंतर उन्हाळ्याची बिलं आली आणि सरकारला घरगुती ग्राहकांसाठी उन्हाळी सवलत जाहीर करावी लागली. पुढच्या वर्षी पुन्हा सवलत आली. लोकांचा त्रास खरा होता, सरकारने तो ऐकला, यात चूक काही नाही. पण परिणाम असा झाला की ज्या महिन्यांत वीज सगळ्यात महाग पडते त्याच महिन्यांत घरातल्या ग्राहकाला ती सवलतीत मिळाली. दर हे एकच हत्यार हातात असेल तर असंच होणार: उन्हाळा आला की ते म्यान करावं लागतं.

सौर प्रकल्पांनी प्रश्न मिटला, हे तिसरं म्हणणं. इब्री-2 चा 500 मेगावॅटचा प्रकल्प 2022 च्या सुरुवातीपासून चालू आहे, मनाहमध्ये तेवढ्याच क्षमतेचे दोन उभे राहिले. दुपारच्या शिखराला याने मोठा आधार मिळतो आणि मला त्याचा आनंद आहे. पण ओमानला रात्रीचं शिखरही आहे. दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब रात्री दहानंतर ती उष्णता खोलीत सोडत राहतो, बाहेर दमट हवा असते, घरातली सगळी माणसं परतलेली असतात. त्या वेळी मनाहच्या पॅनेलांवर अंधार असतो. दुपार जितकी सौर विजेने भरेल तितकं टर्बाइनांवरचं ओझं रात्रीकडे सरकेल. भारतात 2023 च्या नियमांनी दिवसाच्या सौर तासांत वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग करण्याची दिशा घेतली ती याच कारणाने. मग ओमानला महाग तास पुन्हा आखावे लागतील, कारखान्यांना लावलेल्या सवयी बदलाव्या लागतील. मात्र छतावरचा उष्णतारोधक थर आणि चांगला एसी दुपारीही उपयोगी पडतो आणि रात्रीही. शिखर कुठेही सरकलं तरी ही बचत वाया जात नाही.

5 सप्टेंबर 2022 ची आठवण मस्कतमध्ये सगळ्यांना आहे. दुपारी देशाच्या मोठ्या भागातली वीज गेली आणि पूर्ववत व्हायला संध्याकाळ उलटली. तो पारेषण वाहिनीतला बिघाड होता, क्षमतेचा तुटवडा नव्हता, त्यामुळे ते उदाहरण इथे लागू नाही असं सांगितलं जातं. कारण बरोबर सांगतात, पण अर्धवट. अंधारातून ग्रिड परत उभं करताना तासन्‌तास बंद राहिलेले सगळे एसी एकदम चालू होतात, आणि तो उसळलेला भार सांभाळत एकेक भाग जोडावा लागतो. इमारती जितक्या फुटक्या, तितकं ते काम जड.

बचत मोजता येत नाही, हा शेवटचा आक्षेप. तो गंभीर आहे, कारण योजनेच्या नावाखाली फलक, चर्चासत्रं आणि टोप्या वाटून पैसे संपवल्याची उदाहरणं जगभर आहेत. ‘योजना न घेता यांनी किती वीज वापरली असती’ हा आकडा अंदाजाचाच असतो आणि तो फुगवून पैसे उकळता येतात. म्हणून पैसे मोजमापावरच दिले पाहिजेत. मोठ्या ग्राहकांकडे तासागणिक नोंद ठेवणारी मीटरं आहेतच. एसीच्या बाबतीत शंभर खोल्यांत बदल करायचा, शेजारच्या शंभर खोल्या तशाच ठेवायच्या आणि दोन्हींचा भार एक उन्हाळा मोजायचा, इतकी साधी चाचणी करता येते. निकाल वीज नियामक प्राधिकरणाने जाहीर करावा, चांगला असो वा वाईट. आणि कंपनीचा फायदा विकलेल्या युनिटांवर अवलंबून राहणार नाही अशी व्यवस्था हवी, नाहीतर बचत करून ती स्वतःच्याच पोटावर पाय देणार. कॅलिफोर्नियाने 1982 मध्ये वीज कंपन्यांचा महसूल विक्रीपासून वेगळा केला तो यासाठीच.

पैसे कुठून आणायचे? नामा या सरकारी वीज समूहाची खरेदी कंपनी वीज केंद्रांशी वर्षानुवर्षांचे करार करून क्षमता विकत घेते. त्याच निविदेत कमी केलेल्या मेगावॅटला बोली लावू द्यावी, आणि जो स्वस्त पडेल तो घ्यावा. उन्हाळी सवलतीवर खर्च होणाऱ्या रकमेतला एक हिस्सा भाड्याच्या घरांचे आणि कॅम्पचे एसी बदलण्याकडे वळवावा. मालकाला अर्धी रक्कम द्यावी, पण अट अशी की बदल केल्याशिवाय पुढच्या वर्षीच्या भाडेकराराची नोंदणी होणार नाही. भाडेकरार महापालिकेकडे नोंदवले जातातच, नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. आणि हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीतच व्हायला हवं. तेव्हा एसी बसवणाऱ्यांना काम कमी असतं, खोलीतला एसी दोन दिवस बंद राहिला तरी कोणाचे हाल होत नाहीत, आणि वसाहतीतले अनेक कारखाने वार्षिक देखभालीसाठी यंत्रं उघडून बसलेले असतात.